प्रश्न तुमचे : तह झाला, राखणदार कुठे होता?

१९१९ ते १९३९ या वीस वर्षांतल्या राजकारणावर वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : शाळेत आम्ही एकच उत्तर पाठ केलं होतं. पहिल्या महायुद्धानंतर हरलेल्या जर्मनीशी झालेला व्हर्सायचा तह अन्यायकारक होता म्हणून दुसरं महायुद्ध झालं. जर्मनीवर लादलेली खंडणी, म्हणजे युद्धाची भरपाई, खरंच फेडता न येण्याजोगी होती का?

ते उत्तर परीक्षेत गुण मिळवून देतं, पण हिशेब उघडून बसलं की डळमळू लागतं. २८ जून १९१९ रोजी तहावर सह्या झाल्या तेव्हा खंडणीचा एकूण आकडा त्यात नव्हताच. तो ठरला मे १९२१ मध्ये, लंडनमध्ये : १३२ अब्ज सुवर्ण मार्क. हाच आकडा सगळीकडे छापला जातो. मात्र ही रक्कम तीन प्रकारच्या रोख्यांत विभागलेली होती. 'अ' रोखे १२ अब्जांचे, 'ब' रोखे ३८ अब्जांचे आणि उरलेले 'क' रोखे ८२ अब्जांचे. 'क' रोखे जर्मनीची ऐपत वाढली तरच काढायचे होते आणि ते कधी निघतील असं ठरवणाऱ्यांनाही वाटत नव्हतं. म्हणजे खरी मागणी ५० अब्जांची.

मग ८२ अब्जांचं हे शेपूट कशाला? फ्रान्स आणि ब्रिटनमधल्या पुढाऱ्यांनी आपापल्या मतदारांना सांगून ठेवलं होतं की सगळा खर्च जर्मनी भरेल. लहान आकडा जाहीर करायची त्यांची छाती झाली नाही. परिणाम असा झाला की तो फुगवलेला आकडा जर्मन मतदारानेही ऐकला आणि खरा मानला. फेडीचं वेळापत्रक वर्षाला २ अब्ज आणि वर निर्यातीच्या किमतीच्या २६ टक्के असं होतं. जड खरं, अशक्य नव्हे. १९३२ पर्यंत जर्मनीने प्रत्यक्षात साधारण २० अब्ज मार्क दिले, त्यातही बराच भाग कोळसा, लाकूड अशा मालाच्या रूपात. १९२४ नंतर जर्मनीत जेवढं परदेशी, मुख्यतः अमेरिकी, कर्ज आलं ते तिने याच काळात भरलेल्या खंडणीपेक्षा जास्त होतं. अमेरिका जर्मनीला कर्ज देई, जर्मनी फ्रान्स-ब्रिटनला खंडणी देई आणि ते दोघे अमेरिकेचं युद्धकर्ज फेडत. या फिरत्या पैशात कोणीच खिशातून काही देत नव्हतं, म्हणून १९२९ पर्यंत सगळं सुरळीत दिसलं.

तह निर्दोष होता असा याचा अर्थ नाही. कलम २३१ मध्ये युद्धाची जबाबदारी जर्मनी आणि तिच्या मित्रांवर टाकली, ती मुळात भरपाईला कायदेशीर पाया हवा म्हणून. वकिलांनी लिहिलेलं हे एक वाक्य पुढची चौदा वर्षं जर्मन राजकारणात निखाऱ्यासारखं धुमसत राहिलं. शिवाय तह ज्यांनी पाळायला लावायचा त्यांच्यात एकी नव्हती. आमच्या मते खरी गोम इथे आहे आणि खालच्या बहुतेक उत्तरांत ती पुन्हा पुन्हा भेटेल.

प्रश्न : १९२३ मध्ये पाव घ्यायला लोक टोपलीभर नोटा नेत, असं वाचलं. हे खंडणीमुळेच झालं ना?

अर्धं खरं. महागाईचं बी युद्धातच पेरलं गेलं. जर्मनीने युद्धाचा खर्च करांतून न काढता रोखे विकून आणि नोटा छापून भागवला, जिंकल्यावर शत्रूकडून वसूल करू या भरवशावर. १९१४ मध्ये एका डॉलरला ४.२ मार्क पडत.

११ जानेवारी १९२३ रोजी फ्रेंच आणि बेल्जियन सैन्य रूर खोऱ्यात घुसलं. तारखांब आणि कोळशाचा ठरलेला पुरवठा जर्मनीने थकवला हे कारण होतं. बर्लिन सरकारने निःशस्त्र असहकार पुकारला : खाणी बंद, रेल्वे बंद, आणि घरी बसलेल्या कामगारांचा पगार सरकारच्या तिजोरीतून. एकीकडे देशातल्या सर्वात मोठ्या औद्योगिक पट्ट्यातून येणारा कर थांबला, दुसरीकडे तिथल्या लाखो माणसांचे पगार अंगावर आले. मधली फट नोटा छापून भरली. नोव्हेंबरमध्ये एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क झाले. चान्सेलर (सरकारप्रमुख) श्ट्रेसेमान यांनी २६ सप्टेंबरला असहकार मागे घेतला आणि १५ नोव्हेंबरपासून रेंटेनमार्क हे नवं चलन आलं. एक रेंटेनमार्क म्हणजे एक लाख कोटी जुने मार्क. चलन सावरलं. पण आयुष्यभराची शिल्लक बँकेत ठेवलेले शिक्षक, पेन्शनर आणि छोटे दुकानदार बुडाले ते बुडालेच, आणि प्रजासत्ताकावरचा त्यांचा विश्वासही तिथेच गेला.

फ्रान्सलाही यातून काही मिळालं नाही. ब्रिटनने या मोहिमेला साथ दिली नव्हती. एकट्याने बळ वापरण्याची हौस फ्रान्सची इथेच फिटली. १९३६ चं उत्तर वाचताना हे लक्षात ठेवा.

प्रश्न : अमेरिका राष्ट्रसंघात आली असती तर?

'असती तर'ला उत्तर देत नाही. न येण्याने काय झालं ते सांगतो. देशांमधली युद्धं टाळण्यासाठीचा राष्ट्रसंघ व्हर्सायच्या तहातच स्थापला होता, म्हणून तह नाकारला की संघही नाकारला. १९ मार्च १९२० रोजी अमेरिकी सिनेटमध्ये तहाच्या बाजूने ४९ आणि विरोधात ३५ मतं पडली. दोन तृतीयांशाला सात मतं कमी. संघ तर पांगळा झालाच, पण सहसा विसरली जाणारी गोष्ट वेगळी आहे. ऱ्हाइनच्या डाव्या काठाचा प्रदेश जर्मनीपासून तोडण्याचा हट्ट फ्रान्सने सोडला होता तो एका बदल्यात : जर्मनीने हल्ला केला तर अमेरिका आणि ब्रिटन मदतीला येतील असा करार. ब्रिटनच्या करारात अट होती की अमेरिकेने मान्यता दिली तरच तो लागू होईल. अमेरिकेने दिली नाही, ब्रिटन आपोआप सुटला. फ्रान्सने किंमत मोजली आणि माल मिळालाच नाही.

प्रश्न : आपण लिहिता की राष्ट्रसंघाकडे आर्थिक निर्बंधांचं हत्यार होतं. मग इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी याच्यावर ते का चाललं नाही? ते नेमकं कसं वापरायचं होतं?

संघाच्या सनदेचं कलम १६ कागदावर भलतंच कडक होतं. संघाची कार्यपद्धती डावलून एखाद्या सदस्याने युद्ध सुरू केलं, तर ते सगळ्या सदस्यांविरुद्धचं युद्ध मानायचं आणि त्याच्याशी व्यापार, पैशाचे व्यवहार ताबडतोब तोडायचे. सैनिकी कारवाईची मात्र फक्त शिफारस होई. पहिलं छिद्र १९२१ मध्येच पडलं. नियमभंग झाला की नाही हे प्रत्येक सदस्याने आपलं आपण ठरवावं, असा अर्थ संघाच्या सभेने लावला. 'आपोआप' हा शब्द तिथेच गळाला.

चीनच्या ईशान्येकडच्या मांचुरियात हे हत्यार म्यानातच राहिलं. १८ सप्टेंबर १९३१ ला मुकदेनजवळच्या रेल्वेस्फोटाचं निमित्त करून जपानने मांचुरियाचा ताबा घ्यायला सुरुवात केली. संघाने चौकशीला लिटन आयोग नेमला, त्याचा अहवाल आला ऑक्टोबर १९३२ मध्ये. तोवर जपानने मांचुकुओ नावाचं बाहुलं राज्य उभंही केलं होतं. २४ फेब्रुवारी १९३३ रोजी ४२ विरुद्ध १ मतांनी अहवाल संमत झाला, एक मत खुद्द जपानचं. जपानचे प्रतिनिधी उठून गेले. निर्बंध शून्य.

ॲबिसिनियात, म्हणजे आजच्या इथिओपियात, मात्र यंत्र खरोखर सुरू झालं, म्हणून ते कुठे अडकलं हे पाहण्यासारखं आहे. ३ ऑक्टोबर १९३५ ला इटलीचा हल्ला, ७ तारखेला इटली दोषी असल्याचा परिषदेचा निर्णय, १८ नोव्हेंबरला निर्बंध लागू. संघाच्या मानाने ही चपळाईच. निर्बंध चार प्रकारचे होते : इटलीला शस्त्रं नाहीत, कर्ज नाही, इटलीचा माल विकत घ्यायचा नाही, आणि ठरावीक वस्तू इटलीला विकायच्या नाहीत. या चौथ्या यादीत रबर, कथील, निकेल होतं, वाहतुकीची जनावरंही होती. तेल नव्हतं. कोळसा आणि पोलाद नव्हतं. गंमत म्हणजे ॲल्युमिनियम होतं, जे इटलीत तयार होतच होतं.

तेल का नाही? एक सबब अशी की अमेरिका संघात नाही, आपण थांबवलं तर ती विकेल. दुसरी, खरी भीती अशी की तेल तोडलं तर मुसोलिनी युद्ध पुकारेल. म्हणजे जे निर्बंध त्याला दुखणार नाहीत तेवढेच लावायचे, असा अलिखित नियम झाला. सुवेझ कालवाही उघडाच राहिला. इटलीची जहाजं सैनिक आणि दारूगोळा घेऊन, रीतसर जकात भरून, ब्रिटिश आरमाराच्या नाकासमोरून जात होती.

त्यातच डिसेंबरमध्ये ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री होर आणि फ्रान्सचे पंतप्रधान लावाल यांनी गुपचूप आराखडा केला : ॲबिसिनियाचा मोठा भाग इटलीला, बदल्यात ॲबिसिनियाला समुद्रापर्यंत एक चिंचोळी पट्टी. पॅरिसच्या वृत्तपत्रांनी तो फोडला, होर यांना राजीनामा द्यावा लागला. बंदी घालणारे आणि सौदा करणारे हात एकच आहेत हे जगाला दिसलं. ५ मे १९३६ ला ॲबिसिनियाची राजधानी आदिस अबाबा पडली, जुलैमध्ये निर्बंध उठले. हिशेब असा : ॲबिसिनिया वाचला नाही आणि इटली दुखावून हिटलरकडे सरकली. एप्रिल १९३५ मध्ये स्ट्रेसा इथे हिटलरविरुद्ध ब्रिटन, फ्रान्स आणि इटली यांची जी फळी उभी राहिली होती ती मोडली. तिला पहिला तडा अर्थात ब्रिटनने स्वतःच दिला होता. स्ट्रेसानंतर दोनच महिन्यांनी, जून १९३५ मध्ये, मित्रांना न विचारता जर्मनीला ब्रिटिश आरमाराच्या ३५ टक्के आरमार बांधायची परवानगी देऊन.

प्रश्न : हिटलर निवडणूक जिंकून आला. मग दोष लोकशाहीचाच नाही का?

हिटलरला मोकळ्या निवडणुकीत बहुमत कधीच मिळालं नाही. जुलै १९३२ मध्ये ३७.३ टक्के मतं आणि २३० जागा, हा त्याचा कळस. नोव्हेंबरमध्ये ३३.१ टक्के आणि १९६ जागा. म्हणजे तो उतरणीला लागला असताना त्याला वर बोलावून घेतलं गेलं.

कसं, ते समजायला वायमार राज्यघटनेची, म्हणजे १९१९ च्या जर्मन प्रजासत्ताकाच्या घटनेची, तीन कलमं एकत्र वाचावी लागतात. कलम ५३ : चान्सेलर अध्यक्ष नेमणार. कलम ४८ : आणीबाणीत अध्यक्ष वटहुकूम काढू शकतो, संसदेला म्हणजे राईशस्टागला तो रद्द करता येतो. कलम २५ : अध्यक्ष संसद विसर्जित करू शकतो. एकेक वेगळं घेतलं तर निरुपद्रवी. एकत्र केल्यावर असं होतं : वटहुकूम काढा, संसदेने रद्द केला तर संसद विसर्जित करा, वटहुकूम पुन्हा काढा. जुलै १९३० मध्ये चान्सेलर ब्र्युनिंग यांच्या सरकारने अगदी हेच केलं.

ती वेळ आली कशामुळे? मार्च १९३० मध्ये ब्र्युनिंग यांच्या आधीचे चान्सेलर म्युलर यांचं आघाडी सरकार बेकारी विम्याच्या वर्गणीवरून पडलं. वर्गणी पगाराच्या साडेतीन टक्क्यांवरून चार टक्के करायची की नाही, हा वाद! अर्ध्या टक्क्यासाठी बहुमताचं शेवटचं सरकार गेलं. पुढच्या सप्टेंबरच्या निवडणुकीत नाझी पक्ष १२ जागांवरून १०७ वर गेला. १९३१ साली संसदेने ३४ कायदे केले आणि अध्यक्षांनी ४४ वटहुकूम काढले. फेब्रुवारी १९३२ मध्ये बेकार ६० लाखांवर होते आणि सरकार पगार व खर्च कापत होतं. सप्टेंबर १९३२ मध्ये चान्सेलर पापेन यांच्यावर ५१२ विरुद्ध ४२ असा अविश्वास आला. पण एकत्र येऊन सरकार पाडणाऱ्या नाझी आणि कम्युनिस्टांना एकत्र येऊन सरकार चालवायचं नव्हतं. पाडणं सोपं, पर्याय कोणाकडेच नाही.

हिटलरला चान्सेलर नेमायला अध्यक्ष हिंडेनबुर्ग यांना पापेन यांनीच राजी केलं आणि ३० जानेवारी १९३३ रोजी नेमणूक झाली. मंत्रिमंडळात नाझी तिघेच : हिटलर, फ्रिक, ग्योरिंग. याला आपण कोपऱ्यात दाबून ठेवू, असा हिशेब होता. २७ फेब्रुवारीला संसदभवन जळलं, दुसऱ्याच दिवशी कलम ४८ खाली नागरिकांचे मूलभूत हक्क स्थगित झाले. ५ मार्चला, पोलीस आणि गुंड दिमतीला असूनही, नाझींना ४३.९ टक्केच मतं पडली. संसदेशिवाय कायदे करण्याची मुभा सरकारला देणारा २३ मार्चचा सर्वाधिकार कायदा ४४४ विरुद्ध ९४ मतांनी झाला. कम्युनिस्ट खासदार तुरुंगात किंवा भूमिगत होते, कॅथॉलिकांच्या सेंटर पक्षाने बाजूने मत दिलं, विरोधात उभे राहिले फक्त सोशल डेमोक्रॅट.

आपला प्रश्न दोष कोणाचा, असा आहे. जर्मनांनी स्वतः दिलेलं उत्तर १९४९ च्या त्यांच्या राज्यघटनेत आहे : नवा चान्सेलर बहुमताने निवडल्याशिवाय जुना पाडता येत नाही.

प्रश्न : १९३६ मध्ये ऱ्हाइनलँडमध्ये जर्मन सैन्य मूठभर होतं म्हणतात. फ्रान्स हलला का नाही?

ऱ्हाइन नदीकाठचा हा जर्मन प्रदेश; तिथे जर्मनीने सैन्य ठेवायचं नाही अशी व्हर्सायच्या तहाची अट होती. ७ मार्च १९३६, शनिवार. १९ बटालियन आत शिरल्या, त्यांपैकी तीनच ऱ्हाइन ओलांडून आखेन, ट्रियर आणि झारब्र्युकेनकडे गेल्या. फ्रान्समध्ये निवडणुकीपर्यंतचं काळजीवाहू सरकार होतं. फ्रेंच सेनापतींकडे छोट्या कारवाईची तयार योजनाच नव्हती. हलायचं तर सार्वत्रिक सैन्यभरती करावी लागेल, असं त्यांनी सांगितलं. निवडणुकीच्या तोंडावर, फ्रँक घसरत असताना, कोणतं सरकार ते करेल? ब्रिटनचं मत असं की जर्मनी आपल्याच मुलखात गेली आहे.

१९२५ चा लोकार्नो करार इथेच मोडला. त्या कराराची खोट सुरुवातीपासून दिसत होती. जर्मनीच्या पश्चिम सीमेला त्यात हमी होती, पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियाकडच्या सीमांना नव्हती. आता तर पूर्वेकडे मदतीला जाण्याचा फ्रान्सचा रस्ताही बंद झाला. बेल्जियम ऑक्टोबरमध्ये तटस्थ झाला. फ्रान्सची मॅजिनो तटबंदी बेल्जियमच्या सीमेपाशी संपत होती, कारण पलीकडे मित्र आहे असं गृहीत होतं. हे सगळं तीन बटालियनांनी साधलं.

प्रश्न : म्युनिक करारावर टीका करणं फॅशन झाली आहे. ब्रिटनचे पंतप्रधान चेंबरलेन यांनी वर्षभराचा वेळ मिळवला आणि त्या वर्षानेच ब्रिटन वाचवलं, हे आपण का लिहीत नाही?

लिहितो. सप्टेंबर १९३८ मध्ये स्पिटफायर विमानं पहिल्या स्क्वॉड्रनला नुकतीच मिळू लागली होती, रडारची साखळी अपुरी होती, सक्तीची सैन्यभरती तर १९३९ मध्ये आली. हा मुद्दा खरा आहे.

पण वेळ दोघांनाही मिळतो. ३० सप्टेंबरच्या पहाटे जर्मनी, इटली, ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात म्युनिकला झालेल्या करारात चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटनलँड हा जर्मन वस्तीचा सीमापट्टा जर्मनीला गेला, आणि चेकोस्लोव्हाकियाची डोंगरातली तटबंदी त्याच पट्ट्यात होती. देश उघडा पडला. १५ मार्च १९३९ ला जर्मन सैन्य प्रागमध्ये आलं, तेव्हा पिल्झेनचा श्कोडा कारखाना आणि शेकडो रणगाडे बंदूक न चालवता हाती लागले. मे १९४० मध्ये फ्रान्सवर चालून गेलेल्या जर्मनीच्या १० रणगाडा डिव्हिजनांपैकी तिघींत मुख्य भर चेक रणगाड्यांचा होता. ताळेबंदात हे दुसऱ्या बाजूला मांडायला हवं. आमच्या मते सौदा तोट्याचा होता, आणि एका कारणाने तर फारच : वाटाघाटीत चेकोस्लोव्हाकियाला बसू दिलं नाही आणि सोव्हिएत संघाला बोलावलंच नाही. सोव्हिएत-चेक करारात अट होती की फ्रान्स आधी मदतीला गेला तरच मॉस्को बांधील. फ्रान्स गेला नाही. स्टालिनने काय धडा घेतला असेल ते पुढच्या ऑगस्टमध्ये दिसलं.

प्रश्न : ऑगस्ट १९३९ मधल्या मॉस्कोतल्या वाटाघाटी फिसकटल्या कशा?

जर्मनीविरुद्ध सोव्हिएत संघाशी करार करायला ब्रिटन आणि फ्रान्सचं लष्करी शिष्टमंडळ ५ ऑगस्टला निघालं ते एका संथ प्रवासी जहाजाने. लेनिनग्राडमार्गे मॉस्कोला पोहोचायला ११ तारीख उजाडली. १२ ला बैठक सुरू झाली तेव्हा कळलं की ब्रिटिश प्रमुख ॲडमिरल ड्रॅक्स यांच्याकडे करार करण्याचं लेखी अधिकारपत्रच नाही. ते मागाहून आलं. तरी ही बाब किरकोळच. सोव्हिएत संघाची जर्मनीशी सामाईक सीमा नव्हती, म्हणून सोव्हिएत संरक्षणमंत्री व्होरोशिलोव यांनी विचारलं : आमचं सैन्य पोलंड आणि रुमानियातून जाऊ शकेल का? याचं उत्तर ब्रिटन-फ्रान्सकडे नव्हतं. पोलंड नाही म्हणत होता, आणि त्याला त्याची कारणं होती. मार्चमध्ये ब्रिटनने पोलंडला हमी दिली तेव्हाच हा प्रश्न सोडवून घ्यायला हवा होता. तेव्हा घासाघीस करता आली असती, हमी देऊन बसल्यावर कशाच्या जोरावर करणार?

बर्लिनने जहाज पाठवलं नाही. परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉप विमानाने गेले आणि २३ ऑगस्टला जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांच्यात अनाक्रमण करार झाला, पूर्व युरोपच्या वाटणीच्या गुप्त पुरवणीसह. नऊ दिवसांनी, १ सप्टेंबरला, जर्मनीने पोलंडवर हल्ला केला.

प्रश्न : पारतंत्र्यातला भारत राष्ट्रसंघाचा सदस्य कसा?

व्हर्सायच्या तहावर भारताच्या वतीने ब्रिटनचे भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांच्या सह्या आहेत. सही करणारे देश मूळ सदस्य, म्हणून भारतही. शिष्टमंडळ मात्र ब्रिटिश सरकारच निवडे.

प्रश्न : युद्ध सुरू झाल्यावर राष्ट्रसंघाचं काय झालं?

जर्मनी आणि जपान १९३३ मध्येच बाहेर पडायला निघाले होते, इटली १९३७ मध्ये गेली. डिसेंबर १९३९ मध्ये फिनलंडवरच्या हल्ल्याबद्दल संघाने सोव्हिएत संघाला काढून टाकलं. बड्या राष्ट्राला हाकलण्याची ही संघाच्या इतिहासातली एकमेव वेळ. शेवटची सभा एप्रिल १९४६ मध्ये जिनिव्हात भरली आणि तिने संघाची इमारत, ग्रंथालय आणि दफ्तर संयुक्त राष्ट्रसंघाच्या हवाली करायचं ठरवलं.